मुंबईत परवडणारी शाळा काढायची तर आधी जागेचा हिशेब

शाळा काढायची म्हणून चार-पाच जण एकत्र बसले, की पहिले काही महिने बहुधा उद्दिष्टं लिहिण्यात जातात. मूल्यं कोणती, नाव काय, बोधवाक्य संस्कृत की मराठी. त्यात वावगं काही नाही. पण मुंबईत शाळेची फी, पट आणि शिक्षकांचा पगार ठरतो तो वर्गखोल्यांच्या मासिक भाड्यावर, आणि फी-पगार ठरले की मूल्यांपैकी निम्मी तिथेच ठरून जातात. म्हणून वही मागच्या पानापासून उघडावी, हिशेबाच्या.

एक लहान शाळा धरू. पहिली ते चौथी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, तुकडीत ३० मुलं, म्हणजे पट १२०. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या ९१ ते १२० मुलांना किमान चार शिक्षक लागतात, तेव्हा वर्गाला एक बाई किंवा सर हे आपोआप जमतं. त्यांच्यासोबत स्वतः तास घेणाऱ्या मुख्याध्यापक, चित्रकला-गाण्यासाठी अर्धवेळ एक व्यक्ती, एक मावशी आणि एक शिपाई. शिक्षकाला २५,०००, मुख्याध्यापकांना ३५,०००, अर्धवेळ व्यक्तीला १२,००० आणि मावशी-शिपायांना प्रत्येकी १५,००० धरले, तर महिन्याला १,७७,००० होतात. वर्षाचे २१ लाख २४ हजार. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बदली शिक्षक यांसाठी वर १५ टक्के धरा. साडेचोवीस लाखांच्या आसपास आलो.

आता जागा. ३० मुलांच्या वर्गाला ४५० चौरस फूट लागतात. त्याहून कमी जागेत मुलं जमिनीवर गोल बसू शकत नाहीत आणि सगळं शिकवणं फळ्याकडे तोंड करून होतं. असे चार वर्ग, कार्यालय, स्वच्छतागृहं, येण्याजाण्याची वाट धरून २,५०० चौरस फूट चटईक्षेत्र. उपनगरात ८० रुपये चौरस फूट भाडं धरलं (अनेक ठिकाणी याहून जास्त आहे), तर महिन्याला दोन लाख, वर्षाला २४ लाख. म्हणजे सगळ्या माणसांचे पगार एकीकडे आणि भिंतींचं भाडं दुसरीकडे, पारडी जवळपास समान.

बाकीचा खर्च त्यापुढे किरकोळ वाटतो. वीज, पाणी, इंटरनेट २.४ लाख, मुलामागे २,५०० रुपयांचं साहित्य म्हणजे ३ लाख, सफाई-दुरुस्ती २.५ लाख, हिशेबतपासणी, अग्निसुरक्षा, विमा मिळून दीड लाख. वर ५ टक्के आकस्मिक. बेरीज ६०.७ लाख. ही सगळी आकडेमोड नमुन्याची आहे. आपापल्या वस्तीचे दर टाकून पुन्हा करावी. पण तिचं रूप फारसं बदलत नाही.

हा खर्च १२० मुलांवर वाटायचा नसतो, इथे पहिली चूक होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(ग) प्रमाणे प्रवेशस्तरावर २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असतात. ३० च्या तुकडीत ८ धरा. चार वर्गांत ३२ मुलं, त्यांच्याकडून फी शून्य. त्यांच्यापोटी शासन परतावा देतं. महाराष्ट्रात तो मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये होता, आणि महामारीच्या २०२०-२१ या वर्षासाठी तो ८,००० वर आणला गेला होता. ३२ मुलांचे झाले ५.६५ लाख. उरलेले ५५ लाख फी भरणाऱ्या ८८ घरांवर वाटले, की वर्षाला साधारण ६२,५००, महिन्याला ५,२०० रुपये.

आता त्याच हिशेबातून भाडं काढा. जागा कोणी वापरायला दिली, आपण फक्त देखभालीचे वर्षाला ३ लाख भरतो असं धरलं, तर एकूण खर्च ३८.७ लाखांवर येतो आणि फी वर्षाला ३७,५००, महिन्याला ३,१२५. महिन्याला तीस-पस्तीस हजार कमावणाऱ्या घराला ५,२०० झेपत नाहीत. ३,१२५ ओढूनताणून झेपतात. परवडणारी शाळा आणि नुसती छान शाळा यांच्यात मुंबईत असलेला फरक म्हणजे हे २,०७५ रुपये, आणि ते घरमालकाकडे जातात.

परतावा अनेकदा उशिरा येतो, हप्त्यांत येतो. त्यामुळे महिन्याच्या रोकडीच्या तक्त्यात तो शून्य धरावा आणि आला की राखीव निधीत टाकावा. त्याच्या भरवशावर मेचा पगार ठेवणाऱ्या शाळा जूनमध्ये शिक्षक गमावतात. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट देणारी दुरुस्ती राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली. तशीही, मूल्याधिष्ठित म्हणवणाऱ्या शाळेने या ८ जागांतून पळवाट शोधायला निघावं हे जरा विचित्रच.

जागा कुठे शोधायची

जाहिरातीत दिसणारी जागा जवळजवळ कधीच कामाची नसते. दुकानाचा गाळा, एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) इमारतीतला तळमजला, बंगल्याचा अर्धा भाग हे बालवाडीला चालून जातं. मान्यतेचा प्रस्ताव द्यायचा तर संस्थेच्या नावावर मालकी किंवा ३० वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा लागतो. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार घेऊन गेलेला प्रस्ताव तिथेच थांबतो. शिवाय जागेचा वापर निवासी किंवा व्यापारी असेल तर तो शैक्षणिक करून घ्यावा लागतो. त्याचं काम महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात, विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ खाली चालतं आणि त्याला महिने लागतात. मूळ इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत वापरायला पालिकेने दिलेली परवानगी) नसेल तर ती जागा कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. ओसी नसलेल्या इमारतीत पुढची एकेक परवानगी अडते.

खरी आशा जुन्या मराठी शिक्षणसंस्थांकडे असते. गिरगाव-परळपासून मुलुंड-बोरिवलीपर्यंत अशा संस्थांच्या इमारती आहेत. त्यांचा पट ओसरला आहे, वरचे मजले रिकामे आहेत आणि विश्वस्तांना खोल्या बंद ठेवल्याची खंतही आहे. बोलणी मात्र तीन गोष्टी पाहून करावीत.

संस्था सार्वजनिक न्यास असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे इमारतीचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा करायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्तांनी सहीशिक्क्याचा ठराव दिला म्हणजे काम झालं असं समजून लोक रंगरंगोटी सुरू करतात. परवानगीविना केलेला करार टिकत नाही. मग जमीन कोणाची ते पाहावं. जिल्हाधिकारी, म्हाडा किंवा महापालिकेने शाळेसाठी दिलेली जमीन असेल तर पोटभाड्याला मनाई करणाऱ्या अटी मूळ आदेशात असतात. तो आदेश मागून स्वतः वाचावा. ‘तसं काही नसेल हो’ या उत्तरावर विसंबू नये. तिसरी गोष्ट साधी आहे: त्याच इमारतीत दुसरी शाळा दुपारच्या अधिवेशनात भरत असेल, तर फळ्यावरची अक्षरं, भिंतीवरची चित्रं, कपाटांच्या चाव्या यांवरून सहा महिन्यांत वाद होतो. किमान दोन खोल्या पूर्ण दिवसासाठी आपल्या असल्याशिवाय हो म्हणू नये.

मैदान नसणं ही मुंबईत जवळजवळ गृहीत धरलेली गोष्ट, पण शिक्षण हक्क कायद्याला खेळाचं मैदान हवं आहे. चालत पाच-सात मिनिटांवरचं पालिकेचं मैदान किंवा एखाद्या क्रीडामंडळाची जागा ठरलेल्या वेळेला मिळेल असं लेखी घ्यावं आणि वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागणार नाही हे पाहावं. तीस मुलांना घेऊन सिग्नल ओलांडायला दोन मोठी माणसं लागतात. तेवढी माणसं रोज नसतात, मग खेळाचा तास हळूहळू वर्गातल्या कवायतीत बदलतो.

कागद आणि त्यांचा क्रम

न्यास किंवा सोसायटी, आधी ती. १८६० च्या कायद्याखाली सोसायटीला किमान सात सभासद लागतात. कंपनी कायद्याच्या कलम ८ ची (ना-नफा) कंपनीही चालते, पण वार्षिक कागदपत्रांचा खर्च वाढतो. संस्थेच्या घटनेतल्या उद्देशांत ‘पूर्वप्राथमिक, प्राथमिक व माध्यमिक शाळा स्थापन करणे व चालवणे’ हे शब्द स्पष्ट हवेत. ‘सामाजिक व शैक्षणिक कार्य’ एवढ्यावर भागवलं तर पुढे शंका निघतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. हे राहून जातं आणि चार वर्षांनी बँक, देणगीदार नाहीतर शिक्षण विभाग विचारतो तेव्हा जुन्या मंडळींच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं. आयकरातली करसवलतीची नोंदणी (संस्थेसाठी आणि देणगीदारांसाठी, जुन्या कलमांच्या नावाने बारा-ए आणि ऐंशी-जी) याच टप्प्यात करून घ्यावी. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी हवा असेल तर सीएसआर-१ अर्जही.

नवी शाळा आता २०१२ च्या महाराष्ट्र स्वयं-अर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियमाखाली निघते. तिला पुढे अनुदान मिळत नाही, हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून टाकावं. ‘आज विनाअनुदानित, उद्या वीस टक्के अनुदानावर येऊ’ ही आशा मनात ठेवून कमी पगारावर थांबलेले शिक्षक फसवले जातात. प्रस्ताव, इरादापत्र, अटींची पूर्तता, मग परवानगी असा क्रम असतो. मुंबईत प्राथमिक शाळांचं काम महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे चालतं. जूनमध्ये शाळा भरवायची तर त्याआधी दीड-दोन वर्षं जागेचे कागद हातात हवेत.

‘आधी सुरू करू, मान्यता येईल मागाहून’ हा सल्ला देणारे प्रत्येक वॉर्डात भेटतात. मान्यता प्रमाणपत्राविना शाळा चालवली तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ खाली एक लाखापर्यंत दंड आणि नंतर चालू ठेवल्यास दिवसाला दहा हजारांपर्यंत. दंडापेक्षा वाईट म्हणजे शाळेला यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) मिळत नाही, दाखला अडतो आणि महापालिका जाहीर करत असलेल्या अनधिकृत शाळांच्या यादीत नाव आलं की वस्तीतला विश्वास संपतो. मान्यतेची वाट पाहताना हात रिकामे नको असतील तर त्याच वस्तीत बालवाडी किंवा संध्याकाळची अभ्यासिका चालवावी. दोन वर्षांत पहिलीची पहिली तुकडी तिथूनच तयार होते, आणि शिक्षकही पारखून घेता येतात.

पहिली चार वर्षं

चारही वर्ग एकदम उघडू नयेत. दुसऱ्या शाळेतून तिसरीत येणारं मूल बहुधा तिथे काहीतरी बिनसलं म्हणून येतं. अशी पंचवीस मुलं एका वर्गात आणि शिक्षक नवा, हे कोणाच्याच हिताचं नाही. पहिली उघडा, दर वर्षी एक इयत्ता वाढवा.

याची किंमत मात्र मोजायला हवी. पहिल्या वर्षी ३० मुलं असली तरी ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक लागतातच, शिवाय मुख्याध्यापक, मावशी, शिपाई, वीज, देखभाल. भाडं नसलेल्या वरच्या नमुन्यातही खर्च २५ लाखांच्या घरात, आणि २२ मुलांची फी ८.२५ लाख. तूट १७ लाख. दुसऱ्या वर्षी ती साधारण साडेदहा, तिसऱ्या वर्षी पावणेसात. चौथ्या वर्षी परतावा आला तर तोंडमिळवणी. म्हणजे पट दरवर्षी पूर्ण भरला असं मानूनही ३४-३५ लाख हाताशी हवेत, बाकं-कपाटं-दुरुस्ती वेगळी. पट पूर्ण भरत नाहीच, तेव्हा ४५ लाख जमल्याशिवाय तारीख जाहीर करू नये.

हा पैसा प्रवेशाशी जोडायचा मोह सगळ्यात जवळ असतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ प्रवेशासाठी देणगी घ्यायला मनाई करतं. घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. मुलाची चाचणी किंवा आईवडिलांची मुलाखत घेऊन निवड केली तर पहिल्यांदा २५,००० आणि पुढे प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत. पालकांशी गप्पा जरूर माराव्यात, पण प्रवेश पक्का झाल्यावर. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सर्वांसमक्ष चिठ्ठ्या. ‘आपल्या विचारांचे पालक’ निवडायची इच्छा मूल्याधिष्ठित शाळांना फार असते. ती शाळा पाच वर्षांत ओळखीपाळखीच्या मध्यमवर्गीय घरांची होऊन बसते.

फीवाढीचेही नियम ठरलेले आहेत. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ, त्यातून सोडतीने कार्यकारी समिती, फीचा प्रस्ताव सहा महिने आधी, आणि ठरलेली फी दोन वर्षं तशीच. त्यामुळे पहिली फी लोकांना आवडावी म्हणून मुद्दाम कमी ठेवणं अंगाशी येतं. खरा खर्च तक्ता करून कार्यालयाबाहेर लावावा: पगार किती, वीज किती, तूट कोण भरतं. पालक तो वाचतात, आणि समितीच्या बैठकीत आवाज चढत नाहीत.

शिक्षक

पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पहिला पेपर. बी.एड. असलेले अर्ज ढिगाने येतात, पण सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य नसल्याचं स्पष्ट केलं. चांगलं शिकवणारी पण पात्रता नसलेली व्यक्ती सहायक म्हणून घेता येते. वर्गशिक्षक म्हणून तिचं नाव कागदावर चढवलं तर तपासणीत तिचाच बळी जातो.

निवडताना मुलाखत पंधरा मिनिटं आणि वर्गावर तीन दिवस, असा बेत ठेवावा. त्या तीन दिवसांचे पैसे द्यावेत. पाहायचं एवढंच: मुलाने चुकीचं उत्तर दिलं की चेहऱ्यावर काय उमटतं, आणि मधल्या सुट्टीत मोबाइल निघतो की डबा.

पगाराबाबत स्वच्छ राहावं. १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी (सेवेच्या शर्ती) अधिनियम मान्यताप्राप्त शाळेला लागू होतो. परिविक्षा, कायमपणा, सेवासमाप्ती आणि वेतन हे सगळं त्यात बांधलेलं आहे, आणि शिक्षक शाळा न्यायाधिकरणात जाऊ शकतो. वरच्या नमुन्यातले २५,००० कायद्याच्या वेतनश्रेणीपुढे कुठे बसतात हे नियुक्तीपत्र देण्याआधी सेवाविषयक वकिलाकडून तपासावं, आणि फरक निघाला तर हिशेबच बदलावा. सही एका आकड्यावर आणि हातात दुसरा, किंवा खात्यात जमा करून काही भाग रोख परत घेणं, या दोन पद्धती ऐकिवात नाहीत असं मुंबईत कोणी म्हणणार नाही. प्रामाणिकपणाचा पाठ शिकवणाऱ्या बाईंनाच महिन्याच्या सात तारखेला खोटी सही करायला लावायची, तर परिपाठ बंद केलेला बरा.

दर आठवड्याला ४५ तास, तयारीसकट, असं शिक्षण हक्क कायदा म्हणतो. प्रत्यक्ष अध्यापन त्यातले २५-२६ ठेवले तर उरलेल्या वेळात वह्या, साहित्य आणि घरभेटी होतात. सगळे तास वर्गावर लावले की डिसेंबरपर्यंत आवाज बसतो, आणि रजा सुरू होतात. त्याच कायद्याच्या कलम २८ खाली शिक्षकांना खासगी शिकवणीला मनाई आहे. पगार अपुरा असेल तर ती मनाई कागदावरच राहते.

‘मीडियम कोणतं?’

वस्तीत फिरायला लागलं की पहिला प्रश्न हाच. मूल्यं, पद्धत, फी, सगळं नंतर. मराठी माध्यम म्हटलं की समोरची ताई मान डोलावते आणि जूनमध्ये दिसत नाही. हा प्रश्न भाषाप्रेमाच्या भाषणाने सुटत नाही. पालकांना हवं असतं ते एवढंच, की मुलाला इंग्रजी बोलता यावं आणि ऑफिसात कोणी त्याला कमी लेखू नये. आमचं मत असं, की लहान वयात शिकणं घरच्या भाषेत आणि इंग्रजी रोज, पहिल्या दिवसापासून, ती सहज बोलणाऱ्या माणसाकडून. रोज ४० मिनिटं, पहिले सहा महिने फक्त ऐकणं-बोलणं, वही नाही. पालकांना भाषणाऐवजी पहिलीच्या वर्गात बसवून दाखवावं. फेब्रुवारीत मूल इंग्रजीत आपल्या डब्यातलं सांगतं तेव्हा शंका मिटते. वस्तीत मराठी घरं निम्म्याहून कमी असतील, तर मराठी माध्यमाचा हट्ट धरण्याआधी घरोघरी जाऊन भाषा मोजावी. कोणत्याही माध्यमाची शाळा काढली तरी २०२० च्या कायद्याने मराठी विषय सक्तीचा आहे.

शेजारची महापालिकेची शाळा फुकट आहे, वर गणवेश, बूट, दप्तर, वह्या धरून २७ वस्तू देते. तिच्याशी स्पर्धा मानून प्रचार करणं चूक. तिथल्या शिक्षकांना भेटावं, त्यांचा पट ओढून आपला भरू नये.

दुसरा प्रश्न पालक तोंडावर विचारत नाहीत: चौथीनंतर काय? दहावीपर्यंतच्या मोठ्या शाळांत पाचवीला जागा निघत नाहीत, हे पालकांना ठाऊक असतं. म्हणून ते दुसरी-तिसरीतच मूल हलवतात, आणि चौथीचा वर्ग १७ मुलांवर येतो. फीचा सगळा हिशेब तिथे कोसळतो. जवळच्या एखाद्या माध्यमिक शाळेशी पाचवीच्या प्रवेशाबद्दल आधीच बोलून ठेवावं, किंवा सातवीपर्यंत जाण्याची जागा पहिल्याच नकाशात राखावी. सहावीपासून शिक्षण हक्क कायदा शिक्षकामागे ३५ मुलं, विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक, वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास मागतो. प्राथमिकला २०० दिवस, ८०० तास.

मूल्यं, वेळापत्रकात

नीटनेटकेपणापासून सर्वधर्मसहिष्णुतेपर्यंतची दहा मूल्यं महाराष्ट्रातल्या शाळांच्या भिंतींवर वर्षानुवर्षं रंगवलेली आहेत. रंगवून ती मुलांत उतरत नाहीत, कारण वेळापत्रकात त्यांना जागा नसते. श्रमप्रतिष्ठा हवी तर शेवटची १५ मिनिटं वर्ग झाडायला द्या, आणि त्या वेळी बाईंच्याही हातात केरसुणी हवी. चार गटांचं आठवड्याचं चक्र लावा: झाडणं, फळा, ग्रंथालय, झाडांना पाणी. स्वच्छतागृह धुणं मुलांकडे देऊ नये. ते पगारी काम आहे आणि आपल्याकडे ते कोणाच्या वाट्याला टाकलं जातं हा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. शिक्षा म्हणून झाडू दिला, की वर्षाची मेहनत एका दिवसात जाते.

भांडणांसाठी शुक्रवारी अर्ध्या तासाची गोल बैठक. नियम दोन: ज्याच्या हातात ठरलेली वस्तू तोच बोलणार, आणि नाव घेऊन तक्रार करायची तर ते मूल समोर हवं. पहिले दोन महिने बैठक निव्वळ तक्रारपेटी होते, मोठी माणसं कंटाळून ती बंद करतात. दिवाळीनंतर मुलं स्वतः तोडगे काढायला लागतात; तोवर धीर धरावा.

प्रार्थनेचा मुद्दा पहिल्याच वर्षी पेटतो. राज्यघटनेचं कलम २८(३) मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीविना धार्मिक उपासनेला बसवायला मनाई करतं. ‘आमचं संस्कार म्हणून आहे, धर्म म्हणून नाही’ हा युक्तिवाद मालवणी-गोवंडीच्या आईला पटत नाही, आणि पटायचं कारणही नाही. राज्यघटनेची प्रास्ताविका, दोन मिनिटं शांतता, एक गाणं एवढ्यावर परिपाठ छान होतो. सण साजरे करायचे तर वर्गातल्या प्रत्येक घराचा एक, आणि खाऊ त्या घरचा. मग डब्यात काय असावं यावर शाळेने मत देऊ नये.

काही गोष्टी पैशांतच दिसतात. फी थकली तर ते मुलाला कळता कामा नये. डायरीत लाल शेरा नाही, वर्गात नाव नाही, फोन थेट पालकांना. २५ टक्क्यांतल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांपुरती, वर्गशिक्षकालाही नको. गणवेश कुठूनही शिवता येईल असा साधा, बूट ऐच्छिक (पावसाळ्यात तर सँडलच). सहलीचा खर्च फीत धरलेला, वेगळे पैसे मागायचे नाहीत, नाहीतर त्या दिवशी आठ मुलं आजारी पडतात. गुरुपौर्णिमेला शिक्षकांना भेटवस्तू नाही.

डहाणूजवळच्या कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. मुंबईत कुरण नाही, पण सकाळी सातला नळाला पाणी येतं आणि ते भरायला घरातलं मोठं मूल लागतं, एवढं तरी शाळेच्या वेळेने ओळखावं. उशिराची घंटा साडेसातच्या घंटेपेक्षा हजेरी वाढवते.

भिंती, पाणी, पाऊस

दिवसाच्या शाळेला माणशी रोज ४५ लिटर पाणी धरतात. १२० मुलांना ५,४०० लिटर, म्हणजे पाच हजारांची टाकी अपुरी. चाळीस मुलींमागे किमान एक शौचकूप, बेसिन जमिनीपासून ५५-६० सेंटीमीटरवर, कडी मुलांच्या हाताला पोचेल आणि बाहेरून उघडता येईल अशी. दारं बाहेर उघडणारी, जिने दोन. २००४ मध्ये कुंभकोणमला शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली. छप्पर वाळक्या झावळ्यांनी शाकारलेलं होतं आणि बाहेर पडायची वाट अरुंद. राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेकडून ‘बी’ नमुन्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैला द्यायचं असतं. जानेवारीचं लक्षात राहतं, जुलैचं पावसात वाहून जातं.

साहित्यावर फार खर्च लागत नाही. दहा-दहाच्या दोन रंगांत ओवलेली शंभर मण्यांची माळ प्रत्येक दोन मुलांत एक, दशकांचे दांडे, पाट्या, अक्षरकार्डं, आणि कुलूप नसलेल्या फळीवर तीनशे गोष्टींची पुस्तकं. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स यांची मुलांची पुस्तकं स्वस्त आहेत. वर्षाला तीस-चाळीस फाटतील, हरवतील. तेवढी दरवर्षी नव्याने घ्यायची तरतूद ठेवावी आणि हरवल्याचा दंड लावू नये. दंड सुरू झाला की पुस्तकं टिकतात आणि वाचन थांबतं. डिजिटल बोर्डाचा प्रस्ताव घेऊन कोणी देणगीदार आला, तर त्याला आधी दोन पंखे आणि पुस्तकांची फळी सुचवावी.

जूनचे पहिले पंधरा दिवस ओल्या छत्र्यांचे. त्या दाराबाहेर टांगायला खुंट्या, रेनकोटला दोरी, प्रत्येक मुलाचा कोरड्या कपड्यांचा एक जोड शाळेत. विजेचे बोर्ड तळमजल्यावर पाच फुटांच्या वर. शाळा पाणी तुंबणाऱ्या भागात असेल तर दप्तर आणि कागदपत्रं खालच्या कप्प्यात नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर जिथल्या तिथे अडकलं. तेव्हापासून साधा नियम असा, की पाणी चढायला लागलं तर मूल पालकाच्या हाती दिल्याशिवाय सोडायचं नाही, ‘शेजारची काकू’सुद्धा आधी नोंदवलेली हवी. रात्रभर थांबावं लागलं तर पोहे, बिस्किटं, पिण्याचं पाणी, टॉर्च आणि चटया दीडशे माणसांना पुरतील एवढ्या. साठा ३१ मेला मोजायचा. साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी पालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. ती मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली असावी, आणि त्या दिवसांवर पालकसभा ठेवू नये.